पाट रिकामा राहणार नाही

पदीआत्या, आज मी जो कोणी आहे तो तुझ्यामुळे आहे. हे वाक्य मी तुझ्यासमोर एकदाही बोललो नाही. बोललो असतो तर तू पदराला हात पुसत म्हणाली असतीस, "बस झाला नाटक, चा पी." आता तू मला चहा देऊन गप्प करू शकत नाहीस, म्हणून बोलतो.

काल तुझं तेरावं झालं. जेवणं उरकल्यावर दामूकाका, तुझा धाकटा भाऊ, अंगणात खुर्ची ओढून बसले आणि आजूबाजूच्या चार जणांना म्हणाले, "ताय गेली, धवला पन गेला. आता आपल्या घरान धवला न्हाय." चौघांनी माना हलवल्या. काकांच्या आवाजात दुःख होतं, ते खोटं नव्हतं. पण त्या दुःखाच्या मागे थोडी सुटकाही होती. एक जुनी गोष्ट आपोआप संपली, आपल्याला ती संपवायचा वाईटपणा घ्यावा लागला नाही, अशी सुटका. मला ती ऐकू आली आणि माझं डोकं फिरलं. तरी मी काही बोललो नाही. बोललं दुसरंच कोणीतरी. ते पुढे सांगतो.

तुला सांगायची गरज नाही, पण हे वाचणाऱ्या सगळ्यांनाच ठाऊक असेल असं नाही, म्हणून लिहितो. आम्हा आगऱ्यांच्या जुन्या रीतीत लग्न बाई लावते. तिला धवलारीण म्हणतात. मांडवाचा पहिला खांब उभा राहण्यापासून हळदीपर्यंत आणि हळदीपासून नवरा-नवरीच्या डोक्यावर तांदूळ पडेपर्यंत प्रत्येक टप्प्याला तिचं गाणं असतं. ते गाणं म्हणजे धवला. ती पाटावर बसते, देवांना, पितरांना, गावच्या देवीला नावं घेऊन बोलावते, आणि मागे बसलेल्या बायका तिची ओळ उचलतात. ती सुरू होत नाही तोवर हळदीला कोणी हात लावत नाही. ती सवाष्ण आहे का, हे कोणी विचारत नाही. तू बाविसाव्या वर्षी विधवा होऊन खारबावला माहेरी परत आलीस, आणि पुढची चाळीस वर्षं पार पडघ्यापर्यंतच्या गावांत लोकांची लग्नं लावलीस.

माझी बारावी झाली त्या उन्हाळ्यात बाबांनी हायवेच्या एका गोदामात माझ्यासाठी जागा बघून ठेवली होती. शिफ्टवर माल उतरवून घ्यायचा. त्यात त्यांची चूक नव्हती. आमच्या घरात बारावीच्या पुढे काय असतं हे कोणी पाहिलंच नव्हतं. मी फक्त तुला सांगितलं की मला कॉलेजला जायचंय. तू सुकट निवडत होतीस. "बरं," म्हणालीस आणि निवडत राहिलीस. मला वाटलं, विषय संपला.

आठवड्याने दामूकाकांच्या जितूदादाची हळद होती. मांडव भरला होता. जितूदादा चौरंगावर बसलेला, बायका हळदीच्या वाट्या घेऊन उभ्या, आणि तू तुझ्या पाटावर बसून गप्प.

"ताय, सुरू कर ना," काका म्हणाले.

तू पानाला चुना लावत राहिलीस.

"आवाज बसला का?"

"आवाज चांगला हाय माझा," तू म्हणालीस. "पन आज तो अडलाय. गजानन, पुढं ये."

बाबा पुढे आले. सगळा मांडव त्यांच्याकडे बघायला लागला.

"तुझा पोर कॉलेजला जानार का न्हाय, ते आधी बोल. मंग हलद."

"ताय, ही काय येल हाय का?"

"हीच येल हाय. उद्या मांडव उतरला का तू माझा ऐकशील?"

मागून कोणीतरी ओरडलं, "म्हातारी अडून बसली र!" तू तेव्हा पन्नाशीचीही नव्हतीस. एका मावशीने वाटी हलवून दाखवली, "गजानन, बोल ना र, हलद सुकाला लागली!" बायका हसायला लागल्या. जितूदादा चौरंगावरून हात जोडत होता, "काका, माझ्यासाठी तरी बोल."

"जानार," बाबा पुटपुटले.

"मोठ्यान. देवलापर्यंत ऐकू जाऊ दे."

"जानार! कॉलेजला जानार!"

मग तू पान गालात सरकवलंस, डोळे मिटलेस आणि सूर लावलास. माझ्या पदवीच्या कागदावर विद्यापीठाचा शिक्का आहे. पण ती पदवी मला मिळाली ती एका बाईने हळदीचं गाणं अडवून धरलं म्हणून. असली सत्ता माझ्या ओळखीत दुसऱ्या कोणत्या बाईकडे होती? आणि मी त्या सत्तेचं काय केलं, तेच आज मला लिहायचं आहे.

भिवंडीच्या कॉलेजात समाजशास्त्राच्या मॅडम पुण्याच्या होत्या. त्यांनी आम्हाला स्त्रीवाद शिकवला. मला ते शब्द खरोखर भिडले. आई काकांसमोर खुर्चीवर बसत नाही हे मी जन्मापासून बघत होतो, पण त्यावर विचार करता येतो, त्याला नाव असतं, हे मला त्या वर्गात कळलं. मॅडमचा मी आजही ऋणी आहे. चूक त्यांची नव्हती. चूक अशी झाली की मी वर्गातून जे घेतलं ते तसंच्या तसं उचलून एसटीने खारबावला आणलं आणि तुला शिकवायला बसलो.

"आत्या, कन्यादान म्हणजे काय? बाई ही काय दान द्यायची वस्तू आहे?"

"मी कवा कुनाचा दान लावला र? माझ्या धवल्यान पोरीला कोनी दान न्हाय देत. पोर आपल्या पायान चालत जाते."

"पण लग्न लावणारा पुरुष, मंत्र म्हणणारा पुरुष..."

"मंग मी कोन?"

"तू अपवाद आहेस."

"अपवाद म्हंजे?"

"म्हणजे... एखादीच."

"एखादी?" तू सूप खाली ठेवलंस. "माझी सासू, तिची सासू, दिघाशीची नामीबाय, सगल्या एखाद्या?"

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला हे माहीत नव्हतं. लिहून आण." मी आनंदाने कोरी वही घेऊन तुझ्यासमोर बसलो. आणि तू साफ नाही म्हणालीस.

"धवला बायकांचा हाय. वहीत गेला का वहीवाल्याचा होतो."

"अगं, पण हरवेल तो."

"हरवला तर बायकांच्या हातून हरवंल. तू कशाला त्रास घेतो?"

मला राग आला होता. मी बायकांच्या बाजूचा, आणि ही बाई मलाच दाराबाहेर ठेवते! तू तुझ्या सासूची गोष्ट सांगितलीस ती तेव्हाच. नवरा गेला तेव्हा लोक तुला पांढऱ्या पायाची म्हणायला लागले, आणि सासूने सगळ्यांना घराबाहेर काढून, दार लावून, महिनाभर तुला धवला शिकवला. "मुलगा तर गेला," ती म्हणाली होती, "तू कशाला रिकामी जातेस?" मी ही गोष्ट ऐकली आणि समजलो नाही. मला वाटलं ही एका सासूची दया. ती दया नव्हती. एका बाईने दुसऱ्या बाईला जगात बसायला जागा दिली होती.

पुढे मी ज्युनियर कॉलेजात शिकवायला लागलो. तिथल्या प्रयोगशाळेत अर्चना कामाला होती, मूळची नगर जिल्ह्यातली. आम्ही लग्न करायचं ठरवलं. घरच्यांनी फारशी खळखळ केली नाही. मी तुला सांगायला आलो तेव्हा तू नवीन नऊवारी ट्रंकेतून काढून उन्हात टाकली होतीस.

"विधी नाहीत, आत्या. रजिस्टर लग्न."

"विधी न्हाय म्हंजे? धवला?"

"धवलाही नाही. सुरुवात कोणीतरी करायला हवी. विधी म्हटले की पुरुषांची सत्ता आली."

तू बराच वेळ नऊवारीची घडी सारखी करत राहिलीस. मग म्हणालीस, "बरं. जेवून जा."

लग्नाच्या दिवशी त्या कार्यालयात टेबलामागे साहेब बसले होते. साक्षीदार तिघे, तिघेही पुरुष, माझे मित्र. साहेबांनी बोट ठेवलं तिथे आम्ही सह्या केल्या. तीच नवीन नऊवारी नेसून तू मागे भिंतीला टेकून उभी होतीस, कारण खुर्च्या संपल्या होत्या. जन्मापासून लोकांची लग्नं लावताना मी जिला पाहिलं, ती बाई भिंतीशी उभी, आणि माझं लग्न एक साहेब लावत होते. पुरुषांची सत्ता मोडण्यासाठी मी हे केलं होतं. मला त्या दिवशी त्यात काहीही विचित्र वाटलं नाही. उलट मी पेढे वाटले.

ते मला दाखवलं अर्चनाने. लग्नानंतर दोन वर्षांनी आपल्या शेजारच्या घरात लग्न होतं, आणि तिने तुला पहिल्यांदा पाटावर बसलेलं पाहिलं. त्याआधी तिला तू कोण आहेस हे मी नीट सांगितलंही नव्हतं. "आत्या जुनी गाणी गाते," एवढंच म्हटलं होतं. दुपारी आम्ही स्कूटरवरून भिवंडीला परत आलो. घरात शिरताच ती म्हणाली, "माझी मावशी आठवते तुला? आपल्या घरी येऊन गेली ती?"

"हो."

"माझ्या ताईच्या हळदीला ती मागच्या खोलीत बसून होती. विधवा ना. दाराच्या फटीतून बघत होती. तिनेच ताईला वाढवलं होतं, तरी फटीतून. आणि तुमच्याकडे तशीच बाई मधोमध पाटावर बसून लग्न लावते! ते सोडून तू मला साहेबाच्या टेबलापुढे उभं केलंस? स्त्रीवाद म्हणून?"

"मला वाटलं..."

"तुला वाटलं सगळ्या घरांना एकच कुलूप असतं. आमच्या घरचं कुलूप तोडायचं सोडून तू ते तुमच्या उघड्या दाराला आणून लावलंस."

आत्या, मी पुस्तकं वाचून पास झालो, पण हा धडा मला नगरहून आलेल्या मुलीने शिकवला. ज्या घरात दार बंद असतं त्या घरच्या माणसाला दुसरीकडचं उघडं दार लगेच दिसतं. मी उघड्या दारात वाढलो होतो, म्हणून मला ते दार वाटलंच नाही.

पण तू गेलीस म्हणून मी तुला देवी करून टाकणार नाही. तुला ते आवडणार नाही आणि ते खरंही नाही. लग्न तू लावायचीस, पण ओटी भरायची वेळ आली की दुसरीला हाक मारायचे. तू आपण होऊन बाजूला सरायचीस, जसं काही तुला तहान लागली आहे. आणि जमीन. खाडीकडचं शेत गोदामासाठी द्यायचं ठरलं तेव्हा हक्कसोड कागदावर तू अंगठा दिलास, म्हणजे भावांसाठी आपला वाटा सोडला. मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो, तुझ्याशी कडाक्याचं भांडलो.

"का दिलास अंगठा?"

"भावांशी भांडून माहेर कुठं ठेवू?"

"माहेर म्हणजे काय फक्त चहा? हक्क नाही का तो?"

"तुझ्या पुस्तकान असंल. मना याच घरान मरायचाय."

आज तिथे निळ्या पत्र्याचं लांबच लांब गोदाम आहे आणि सातबाऱ्यावर तुझ्या नावाचा मागमूस नाही. जी बाई मांडव अडवू शकत होती, ती कागद अडवू शकली नाही. हा वाद मी अजून सोडलेला नाही. तू गेलीस म्हणून तो मी जिंकलो असंही नाही. माझ्या मुलीला मात्र मी असा कागद आयुष्यात पुढे करणार नाही, आणि कोणी केला तर तो तिच्यासमोर फाडीन. हे इथे लिहून ठेवतो.

तुला रुखसानाभाभी आठवते? आमच्या भिवंडीच्या खोलीशेजारची. दिवसभर मागच्या लूमचा खडखडाट आणि ती घरात बसून कापडाचे लोंबते धागे कापायची. तू चार दिवस राहायला आलीस आणि दुसऱ्याच दिवशी ती बाजारातून बुरखा घालून परत येताना तू तिला जिन्यात अडवलंस.

"तू ये काला कशाला पेनती गो? गरम नाय होता?"

"होता है, मौसी. और आप ये साड़ी घुटने तक बाँधती हो, आपको शरम नहीं आती?"

"शरम कैसा? खाडी में कीचड़ होता ना! खाली सोड़ा तो आदमी लोक मेरेकू कीचड़ में धुंडता फिरेगा!"

दोघी जिन्याच्या पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. तेवढ्यात धागेकामाचा मुकादम आला. त्याने मागच्या खेपेचा भाव पाडला होता. भाभीने चेहऱ्यावरचा पडदा न हलवता त्याला असा धुतला, की तो "ठीक है, बहन, ठीक है" करत मागच्या मागे उतरला. तू मला म्हणालीस, "नऱ्या, तिच्या तोंडावर कपडा हाय, जिभेवर न्हाय. तुझ्या मॅडमला सांग." मी तीन वर्षं त्या बाईची कीव करत होतो. तिने ती मागितली नव्हती.

पण तू तिथेच थांबली नाहीस. तू तिला विचारलंस, "तुज्या घर में बंद काय हाय, ते तू बोल." आणि तिने सांगितलं. कपड्याबद्दल ती काहीच बोलली नाही. तिला तिच्या बहिणीकडे जायचं असलं तर नवऱ्याला चार वेळा विचारावं लागतं, आणि मुलीची शाळा सातवीला सोडवली, ते तिला अजून टोचतं. मी तिच्या शेजारी राहून हे कधी विचारलं नव्हतं. कपडा बघून मी सगळं ठरवून टाकलं होतं. एवढ्या वर्षांत मी जे शिकलो त्यातलं पक्कं म्हणून एकच सांगू शकतो, आणि ते तुझं आहे: बाईला काय जड होतंय हे लांबून ठरवू नये, तिलाच विचारावं, आणि तिने सांगितलं की मग मात्र गप्प बसू नये.

अर्चना रागावली त्यानंतर मी तुला पत्र लिहिलं. फोनवर बोलण्याची हिंमत नव्हती. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून ते अर्चनाच घेऊन आली. मी ओट्यावर बसून होतो. आतून तिचा वाचण्याचा आवाज येत होता, मग तुझा आवाज: "मांडी घाल. पाठ सरल ठेव."

दोन वर्षं ती दर रविवारी आली. गावातल्या बायकांनी कुजबुज केली, "घाटावरची बाय आपला धवला गाईल?" तू म्हणालीस, "मना कुनी शिकवला? सासूने. ती काय माझ्या रक्ताची व्हती?" तू तिला घालून पाडून बोलायचीस. "मास्तरीन, गानं हाय ते, परीक्षा न्हाय. खालचा श्वास घे." ती रडकुंडीला येऊन घरी परतायची आणि पुढच्या रविवारी पुन्हा जायची. मला एक ओळही ऐकवायची नाही. "तुझ्यासाठी नाही ते," म्हणायची, अगदी तुझ्यासारखी.

हॉस्पिटलात शेवटच्या दिवसांत तुझा आवाज गेला होता. अर्चना कानाशी लागून गायची आणि तू खाटेच्या दांडीवर बोटाने ठेका धरायचीस. ती चुकली की बोट थांबायचं. नर्स म्हणाली, "आजी, आराम करा." तू घशातून कसंबसं म्हणालीस, "ही चुकते तवर कसला आराम?" तू गेलीस त्याच्या आदल्या संध्याकाळी बोट शेवटपर्यंत थांबलं नाही. अर्चना बाहेर येऊन माझ्या खांद्याला धरून उभी राहिली. "पूर्ण झालं," एवढंच म्हणाली.

आता कालचं सांगतो. काका म्हणाले, आपल्या घरात धवला नाही. त्यांची धाकटी मुलगी प्राजक्ता पत्रावळ्या उचलत होती. तीच, जी औषधांच्या कंपनीत नोकरीला जाते, जिचं लग्न वैशाखात ठरलं आहे. तिने पत्रावळ्या खाली ठेवल्या.

"बाबा, माझ्या लग्नात धवला पायजे."

"कोन गाईल? आत्याला उठवून आनू?"

"अर्चनावहिनी."

"ती घाटावरची? लोक हसतील. हॉल सांगितलाय, गुरुजी सांगितलाय, डीजे सांगितलाय..."

"सगला सांगितला. मना इचारला का?"

"आवाज खाली कर. सुतकाचा घर हाय."

प्राजक्ताने आवाज खाली केला नाही. ती आत गेली. तू गेल्यावर तुझा पाट कोणीतरी भिंतीला उभा करून ठेवला होता. तो तिने आणून अंगणाच्या मधोमध टाकला. अर्चना चुलीपाशी होती. हात पुसत बाहेर आली, पाटाकडे बघितलं, काकांकडे बघितलं, आणि मांडी घालून, पाठ सरळ ठेवून बसली.

मला वाटलं ती गाईल. ती गायली नाही. "आज गायचा दिवस नाही," ती म्हणाली, "म्हणून गात नाही. पण काका बोलल्याशिवाय उठणारही नाही." आणि ती गप्प बसली.

अंगणात सगळे थांबले. पाहुण्यांच्या चपला अर्ध्या पायात तशाच राहिल्या. प्राजक्ता पाटामागे उभी राहिली. मग आई आली आणि तिच्या शेजारी उभी राहिली. आई, जी काकांसमोर कधी खुर्चीवर बसली नाही, ती काकांकडे तोंड करून उभी राहिली. मग मागच्या घरातल्या दोघी. शेवटी बाबाच हसायला लागले. डोळे पुसत हसत होते.

"दाम्या, लवकर बोल र," ते म्हणाले. "या पाटापुढं मी एकदा हरलोय. इथं कोनी जिंकत न्हाय."

काका बराच वेळ चपलेने माती उकरत राहिले. "गुरुजी पन येल," ते म्हणाले.

"येऊ दे," प्राजक्ता म्हणाली. "आधी हलद तर लागू दे."

"बरं. बसंल अर्चना."

"मोठ्यान," बाबा म्हणाले. "देवलापर्यंत."

"बसंल! अर्चना बसंल!"

ज्यांना वाटतं की पदीबाय गेली आणि एक कटकट मिटली, त्यांनी वैशाखात खारबावला यावं. जेवण चांगलं असेल. तुझा पाट रिकामा राहणार नाही. काही लोक म्हणतील ही जुनी रीत आहे, पुढारलेल्यांनी ती सोडावी. मी एकदा सोडून बघितली आहे. काही म्हणतील ही बाहेरची सून आहे. तिला कोणी बसवलं हे त्यांनी मला विचारू नये, मी ओट्यावर होतो.

तुझ्या पान-सुपारीच्या पिशवीत माझं पत्र सापडलं. चार घड्या घातलेलं, घडीवर चुन्याचा डाग. तुला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं आणि तू ते दोन वर्षं कमरेला घेऊन फिरलीस. ते जसं होतं तसं इथे उतरवतो.

तीर्थरूप पदीआत्येस,
नरेशचा नमस्कार.

हे पत्र अर्चना तुला वाचून दाखवते आहे. मी बाहेर बसलो आहे. समोर येऊन हे बोलायची माझी तयारी होत नाही.

माझ्या लग्नात तू भिंतीला टेकून उभी होतीस. ज्या बाईने माझ्यासाठी भरला मांडव थांबवला, तिला मी साधी खुर्ची दिली नाही. मला वाटत होतं मी पुरुषांची सत्ता मोडतोय. मी फक्त तुझा पाट उचलून ठेवला. तू "बरं, जेवून जा" म्हणालीस आणि मी जेवलोही. तू मला चार शिव्या दिल्या असत्यास तर मला तेव्हाच कळलं असतं.

धवला तू मला वहीत लिहू दिला नाहीस. ते बरोबर होतं, हे आज कबूल करतो. तो माझ्याकडे आला असता तर मी त्याचा निबंध केला असता. शेताच्या कागदाबद्दल मात्र मी माझ्याच बाजूला आहे. ते भांडण वेगळं, ते चालू ठेवू.

अर्चनाला तुझ्याकडून धवला शिकायचा आहे. ही माझी कल्पना नाही, तिची आहे. तिची मावशी दाराच्या फटीतून लग्नं बघते. अर्चना म्हणते, मला त्या मावशीला एकदा मांडवात मधोमध बसलेली बाई दाखवायची आहे. लोक म्हणतील ती आपल्यातली नाही. तू म्हणालीस तर ती आपल्यातली.

तुला वाचता येत नाही आणि तिला गाता येत नाही. तुमच्या दोघींमध्ये मला एवढंच अंतर दिसतं. पत्र संपलं की तिला परत पाठवू नकोस. तुझा पाट तिच्याकडे सरकव आणि तुझ्या सासूसारखं दार आतून लावून घे.

मी बाहेर थांबतो. कितीही वेळ लागू दे.

तुझा,
नऱ्या